बेणं, तुरा आणि डीएनए

डीएनएवरच्या पुस्तकाची सुरुवात कशी करायची, हे जवळपास ठरून गेलेलं आहे. १९५३ साल, केंब्रिज, जेम्स वॉटसन, फ्रान्सिस क्रिक आणि तो प्रसिद्ध दुपेडी गोफ. फार तर त्याआधी १९५२ मध्ये लंडनला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत निघालेल्या क्ष-किरण छायाचित्राचा उल्लेख. आणि त्याच्याही मागे जायचं तर १८६९ मध्ये जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा करणारे फ्रीडरिश मीशर. या पुस्तकातही ही सगळी मंडळी भेटतील, पण जरा उशिरा. इथे सुरुवात उसापासून आहे. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून शिरोळपर्यंत ऊस उभा असताना कोल्हापूरच्या वाचकाला आधी केंब्रिजला न्यायचं काही कारण नव्हतं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. डीएनएबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे आणि तो उसाइतका ठासून दुसरं कुठलंही पीक खोडून काढत नाही.

तो गैरसमज असा, की पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, तसा डीएनए पेशीत लिहिलेला असतो. जे लिहिलं ते होणार, त्यात फरक नाही. मग पुढाऱ्याच्या भाषणात संघर्ष त्याच्या डीएनएत असतो, जाहिरातीत विश्वास कंपनीच्या डीएनएत असतो आणि खासबागेतल्या निवेदकाला कुस्ती कोल्हापूरच्या डीएनएत दिसते. बोलायला बरं वाटतं. पण सजीवांच्या शरीरात डीएनए जे काम करतो, त्याच्याशी या कल्पनेचा फारसा संबंध नाही. डीएनए असणं वेगळं आणि तो वाचला जाणं वेगळं. पुस्तकभर हाच मुद्दा निरनिराळ्या वाटांनी येतो.

आता उसाकडे. उसाचं बी आपण पेरत नाही, बेणं लावतो. एक डोळा किंवा दोन डोळे ठेवून टिपरी तोडायची, सरीत दाबायची, पाणी द्यायचं. डोळ्यातून कोंब येतो, कोंबाला फुटवे येतात, फुटव्यांचा फड होतो. त्या फडातलं बेणं पुढच्या फडाला जातं. यात कुठेही नर-मादीचा संबंध नाही, परागीकरण नाही, बी नाही. म्हणजे त्या वाणाचा जितका ऊस आज उभा आहे, तो सगळा एकाच रोपाचा विस्तार आहे. महाराष्ट्रात दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर पसरलेला को ८६०३२ घ्या. निरा हे त्याचं नाव फार थोड्यांच्या तोंडी असतं, आकडा मात्र सगळ्यांना पाठ. को ६२१९८ ही त्याची आई आणि कोसी ६७१ हा बाप. त्या संकरातून आलेल्या असंख्य रोपांपैकी एक रोप निवडलं गेलं, १९९६ मध्ये तो वाण महाराष्ट्रात लागवडीला आला आणि करवीर, कागल, हातकणंगल्यापासून मराठवाड्यापर्यंत पसरला. त्या एका रोपाची सुरुवात एका पेशीतून झाली होती. त्या पेशीतल्या डीएनएची नक्कल, तिची नक्कल, तिचीही नक्कल, असं करत आजचा फड उभा राहिला आहे.

नक्कल करणं हे डीएनएचं पहिलं काम, आणि त्याची करामत आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. डीएनएचा धागा चार रासायनिक घटकांचा बनलेला असतो. त्यांना ए, टी, जी, सी अशी अक्षरं दिली आहेत. गोफाच्या एका पेडात ए असेल तर समोरच्या पेडात टी, जी असेल तर सी. पेशी दुभंगायच्या आधी गोफ उलगडतो, प्रत्येक पेडासमोर नवा जोडीदार पेड तयार होतो आणि एकाचे दोन गोफ होतात. माणसात अक्षरांच्या जोड्या सुमारे तीन अब्ज, म्हणजे तीनशे कोटी. उसाच्या पेशीत त्या सुमारे एक हजार कोटी. एका पेशीतला उसाचा हा सगळा धागा सरळ केला तर लांबी साडेतीन मीटरच्या घरात जाते, आणि एवढा धागा साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात गुंडाळून बसलेला असतो. नक्कल उतरवताना चुका होतात, पण त्या तपासून दुरुस्त करणारी यंत्रणाही पेशीत असते. दुरुस्तीनंतर उरणारी चूक साधारणपणे शंभर कोटी अक्षरांत एक. मुद्रितशोधन करणाऱ्यांनी या आकड्यापुढे हात जोडावेत. जी चूक उरते, तिला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक वेळा तिचा काही परिणाम होत नाही, कधी नुकसान होतं आणि क्वचित असं काही घडतं, की पुढच्या पिढ्यांची वाटच बदलते.

दुसरं काम म्हणजे प्रथिनं कशी बनवायची याची माहिती पुरवणं. डीएनएच्या एखाद्या तुकड्याची, म्हणजे जनुकाची, आरएनए नावाची कच्ची प्रत निघते. ती प्रत रायबोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं जोडणाऱ्या यंत्राकडे जाते. तिथे तीन-तीन अक्षरं वाचली जातात आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल जोडलं जातं. चार अक्षरांच्या तिकड्या होतात चौसष्ट, अमिनो आम्लं वीस, आणि काही तिकड्यांचा अर्थ ‘इथे थांबा’. ही संकेतलिपी उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट होली यांच्याबरोबर विभागून मिळालं. ही लिपी उसात, माणसात, म्हशीत आणि दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूत जवळजवळ एकच आहे. म्हणून तर माणसाचं इन्शुलिनचं जनुक जिवाणूत घालता आलं आणि १९८२ पासून ते इन्शुलिन औषध म्हणून मिळू लागलं. मधुमेहासाठी रोज सुई टोचून घेणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसतं, की आपल्या शरीरातली ही सूचना एका जिवाणूनं वाचली आणि बिनचूक पाळली.

इथवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, म्हणून भरभर सांगितलं. खरी गंमत पुढे आहे.

उसाच्या मुळात, पाचटात, कांडीत आणि डोळ्यात डीएनए एकच असतो. पान बनवण्याची सूचना मुळातही असते, मुळाची सूचना पानातही असते. तरी मूळ मूळच राहतं आणि पान पान, कारण प्रत्येक पेशी आपल्यापुरता भाग वाचते आणि बाकीचा मिटून ठेवते. कांडीवरचा डोळा तर वर्षभर काहीच करत नाही. ऊस उभा असतो, वरचा शेंडा वाढत असतो, आणि त्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरत असतं. ते उतरत आहे तोवर खालचे डोळे निजलेले. टिपरी तोडली, शेंड्याचा धाक संपला, की तोच डोळा फुटतो. डीएनएत एका अक्षराचाही बदल नाही, फक्त वाचन बदललं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्यांनी हे न मागता पाहिलं. ज्या उसाच्या शेंड्यात पाणी गेलं आणि तो कुजला, त्याला उभ्या कांडीवरच पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब फुटले. कांड्यांवर जागोजागी मुळ्या सुटल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते नुकसान होतं, पांगशांनी साखर खाल्ली, वजन गेलं. जीवशास्त्राच्या दृष्टीनं मात्र ते झाडाचं उत्तर होतं, आणि ते देण्यासाठी लागणारी सूचना त्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून होती.

बेण्यातून सगळा ऊस सारखाच येत असेल, तर नवे वाण येतात कुठून? इथे तुरा येतो. आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कारण वाढ थांबते, कांडी पोकळ पडायला लागते आणि कारखान्याची तोड वेळेवर आली नाही तर साखरेचा उतारा आणि वजन दोन्ही घटतात. पण ज्या तुऱ्याला आपण नावं ठेवतो, त्याच्यासाठी संशोधक कोइंबतूरला गेले. तिथल्या हवामानात उसाला तुरा चांगला येतो आणि बीही धरतं. १९१२ मध्ये तिथे ऊस पैदास केंद्र सुरू झालं. चार्ल्स बार्बर आणि त्यांच्यानंतर टी. एस. वेंकटरामन यांनी जो प्रयोग केला, तो त्या काळी वेडेपणाच वाटावा असा होता. जाड, रसाळ, गोड उसाचा संकर त्यांनी काशाशी लावला. काश म्हणजे नदीकाठी वाढणारं रानगवत. कांडी पेन्सिलीएवढी, गोडी नावाला, पण पाणी तुंबो, दुष्काळ पडो, रोग येवो, ते हटत नाही. १९१८ मध्ये त्यातून को २०५ हा वाण लागवडीला आला. वाणांच्या नावांमागचं ‘को’ ते हेच, कोइंबतूरचं. महाराष्ट्रात पूर्वी पुंड्या हा जाड ऊस लावत. तीसच्या दशकानंतर त्याची जागा को ४१९ ने घेतली. सातारा जिल्ह्यात पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघालं, आणि कोल्हापुरात तर ऊस आणि गूळ या दोहोंसाठी वेगळं प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. गुळासाठी को ९२००५ ची शिफारस याच भागातली. आज फडात उभा असलेला जवळपास प्रत्येक ऊस हा गोड ऊस आणि रानगवत यांचा वंशज आहे.

या संकरात डीएनएनं जे केलं, ते वाचून मी आजही थक्क होतो. नेहमीचा नियम असा, की आई-बाप आपापल्या गुणसूत्रांपैकी, म्हणजे डीएनएच्या गुंडाळलेल्या धाग्यांपैकी, निम्मी निम्मी मुलाला देतात. गोड उसात गुणसूत्रं ऐंशी. ही मादी आणि काश नर असा संकर केला, की मादी चाळीस न देता पुरी ऐंशी देते आणि नर आपली निम्मीच. डच संशोधक ब्रेमर यांनी जावा बेटावर हे ओळखलं. निसर्गानं इथे नियम मोडला आणि त्याचा फायदा साखर कारखान्यांना झाला, कारण पुन्हा पुन्हा गोड उसाशी संकर करताना गोडीचा वाटा झपाट्यानं वाढत गेला आणि काशाकडून फक्त चिवटपणा उरला. आजच्या वाणांत गुणसूत्रं शंभर ते एकशे तीस असतात. त्यांतली बहुतांश गोड उसाची, काशाची साधारण दहा ते वीस टक्के, आणि काही दोघांच्या तुकड्यांनी जोडलेली. तीसच्या दशकात कोइंबतूरला जानकी अम्माळ सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रं मोजत होत्या. स्त्रियांना प्रयोगशाळेत सहज प्रवेश नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्यांच्यावर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते असायलाच हवं होतं.

माणसाच्या जनुकसंचाचा आराखडा २००१ मध्ये जाहीर झाला. उसाच्या लागवडीखालील वाणाचा बऱ्यापैकी पूर्ण संच हाती यायला २०२४ उजाडलं. तो आर ५७० या वाणाचा. एवढा उशीर का? माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. उसात एकाच प्रकारच्या आठ, दहा, बारा प्रती, आणि त्या एकमेकींसारख्या, पण तंतोतंत सारख्या नाहीत. तुकडे वाचता येतात, पण कुठला तुकडा कुठल्या प्रतीचा, हे ठरवताना संगणकही रडकुंडीला येतो. जो सजीव आपण रसवंतीवर उभे राहून चरकात घालतो, तो डीएनएच्या हिशोबात आपल्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. माणसाच्या श्रेष्ठपणाविषयी ज्यांची फार ठाम मतं आहेत, त्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता उताऱ्याकडे. राज्यात साखरेचा उतारा सर्वाधिक असणारा विभाग म्हणून कोल्हापूरचं नाव आहे. तोच को ८६०३२ सोलापुरात लावला तर तोच डीएनए असूनही उतारा कमी पडतो. इथली माती, पाणी, तोडणीच्या आधीच्या महिन्यांतल्या थंड रात्री, या सगळ्यांमुळे कांडीच्या पेशी वाढीकडून साठवणीकडे वळतात. साखर पानात तयार होते, पण कांडीत साठवायची की नवी वाढ करण्यात खर्चायची, हे थंडी, पाणी आणि नत्र बघून ठरतं. शेवटच्या टप्प्यात युरिया टाकणाऱ्याचा ऊस हिरवागार दिसतो आणि उतारा देत नाही. त्यानं वाण बिघडवला नाही, वाचन बिघडवलं.

आणि वाण बिघडतो म्हणजे तरी काय? पाच-सहा वर्षं घरचंच बेणं वापरलं की ऊस बारीक होतो, फुटवे कमी येतात आणि चावडीवर निकाल लागतो, वाणात दम राहिला नाही. डीएनए तपासला तर तो जवळजवळ पूर्वीचाच असतो. बेण्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या रोग उतरत आलेले असतात. गवताळ वाढीचा रोगजंतू, खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणू, निरनिराळे विषाणू. म्हणून तर बेण्याला ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण बाष्पाची अडीच तासांची प्रक्रिया देतात, आणि म्हणून पायाभूत, प्रमाणित बेण्याची साखळी असते. त्या उष्णतेनं यांतले बरेच रोगजंतू मरतात, डोळा जगतो, डीएनए जसाच्या तसा राहतो आणि वाणात पुन्हा दम येतो.

अर्थात डीएनएला काहीच महत्त्व नाही, असं म्हणणं दुसऱ्या टोकाचा वेडेपणा होईल. उत्तर प्रदेशात को ०२३८ हा वाण एवढा आवडला, की त्या राज्यातला बहुतांश ऊस त्याच एका वाणाचा झाला. मग लाल कूज आली. कांडं चिरलं की आत लाल आणि आंबूस वास, अशी ही बुरशी. सगळ्या फडांत एकच डीएनए होता, म्हणजे सगळ्यांची कमजोर बाजूही एकच. एका रोपावर जे बुरशीला साधलं, ते लाखो एकरांवर साधलं. आपल्याकडे एका वाणावर जो भरवसा आहे, त्याच्याकडे पाहताना मला नेहमी हे आठवतं. तेव्हा डीएनए नशीब नाही, पण मर्यादा आहे. जी सूचनाच नाही, ती कुठलीही माती किंवा खत वाचायला लावू शकत नाही.

उलटंही होतं. एखादी सूचना मोडली म्हणून चांगलं घडतं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे ते त्याच्या सुवासामुळे. सुवासिक तांदळांवर जगभर झालेल्या कामातून कळलं आहे, की बासमती किंवा जास्मिनसारख्या वाणांत बीएडीएच-२ नावाचं एक जनुक नादुरुस्त असतं. त्यातली आठ अक्षरं गळालेली आहेत, हे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. जनुक धड असतं तेव्हा एक कच्चा पदार्थ दुसरीकडे वळवला जातो आणि भाताला वास येत नाही. जनुक मोडलं की तो पदार्थ साठतो आणि त्यातून सुगंधी रेणू तयार होतो. आठ अक्षरांची मुद्राराक्षसाची चूक, आणि तिच्यावर माणसानं हजारो वर्षं जीव टाकला. तरी नुसत्या चुकीनं भागत नाही. सुवासिक भाताचं बी दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्या मातीत लावलं की वास फिका पडतो, हे शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

कुस्तीबद्दलही एवढंच. पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराच्या स्नायूंत ताण पडतो, त्या ताणानं स्नायूंची प्रथिनं बनवणारी जनुकं जास्त वाचली जातात, खुराक मिळाला तर मांडी भरते. पण ती कमावलेली मांडी मुलाला वारशात मिळत नाही. मिळतो तो बापाचा निम्मा आणि आईचा निम्मा डीएनए. बाकी त्याला पुन्हा पहाटेच उठावं लागतं. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, बाहेरच्या मल्लांना इथे आणून ठेवलं. कोल्हापूरची कुस्ती त्यातून उभी राहिली. तिचं श्रेय डीएनएला देणं म्हणजे महाराजांचं आणि वस्तादांचं श्रेय काढून घेणं.

शेवटच्या प्रकरणात वंशवृक्षाचा विषय आहे. डीएनए नात्यांचा पुरावाही असतो. शाहूवाडी तालुक्यात आंबा गावाजवळच्या जंगलात दगडांवर वावरणारी एक लहानशी पाल २०१९ मध्ये ‘निमास्पिस आंबा’ या नावानं नवी जात म्हणून जगापुढे आली. दिसायला ती सह्याद्रीतल्या तिच्या बहिणींसारखीच. वेगळेपण ठरवताना अंगावरच्या खवल्यांबरोबर डीएनएतला फरकही मोजला गेला. घाटमाथ्यावर अशा किती जाती अजून एकाच नावाखाली दडलेल्या आहेत, याचा शोध सुरू आहे.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. शिक्षकांनी चौथं प्रकरण आधी घ्यावं. कांदा किंवा केळं कुस्करून, भांडी घासायचं साबणाचं पाणी आणि मीठ घालून, गाळून, वरून गार स्पिरिट ओतलं की पांढरे धागे तरंगताना दिसतात. तो डीएनए असतो, आणि हा प्रयोग तालुक्याच्या कुठल्याही शाळेत होतो. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांनी मात्र दुसरं प्रकरण आधी वाचावं, आणि त्याआधी घरात एकदा विचारून घ्यावं, की यंदाचं बेणं कुठल्या मळ्यातलं आहे आणि ते शेवटचं कधी बदललं होतं. तीन वर्षांहून जुनं असेल, तर लावण करण्याआधी ते बदलून घ्या.